प्रेस फोटोग्राफरचे खांदे, गुडघे आणि पहाट (नागपूर)

ऊनसावली

काल मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर सकाळी साडेअकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत उभा होतो. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस आहेत. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघतो, पोलीस तो टी-पॉइंटला नाहीतर टेकडी रोडला अडवतात आणि लोक तिथंच रस्त्यावर बसतात. शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देऊन येईस्तोवर ते उठत नाहीत. ते उठत नाहीत तोवर आम्हीही हलत नाही. काल अंगणवाडी सेविकांमध्ये एक बाई मांडीवर लेकरू झोपवून, एका हातानं त्याच्या डोळ्यांवर सावली धरून, दुसऱ्या हाताची मूठ वर करून घोषणा देत होती. तो फोटो तिच्या उंचीवरूनच घ्यायला हवा होता. बॅरिकेडच्या खालच्या पाइपाला टेकून मी दहा-बारा मिनिटं उकिडवा बसलो आणि उठताना कशाचा आधार घ्यावा लागला नाही. सहा वर्षांपूर्वी मला हे जमलं नसतं. म्हणून हा धागा.

एका दैनिकात एकोणीस वर्षं फोटोग्राफर आहे. खांद्यावर कॅमेऱ्याच्या दोन बॉड्या असतात, एकीला २४-७० ची लेन्स, दुसरीला ७०-२०० ची. नुसती ७०-२०० दीड किलोच्या आसपास भरते. फ्लॅश, बॅटऱ्या, लॅपटॉप, पावसाळ्यात प्लास्टिक, पाण्याची बाटली असं धरलं की सात-आठ किलो होतात, आणि ते सकाळी चढवलं की रात्रीच उतरतं. साडेनऊला ग्रुपवर असाइनमेंट पडतात. टिळक पत्रकार भवनात पत्रकार परिषद, मग महापालिकेवर नळाच्या पाण्यासाठी आलेल्या बाया, मग कुठंतरी सत्कार. मध्येच फोन येतो की अमुक चौकात ट्रकखाली दुचाकी आली, की हातातलं सोडून पळायचं. संध्याकाळी फोटो निवडा, नावं तपासून कॅप्शन लिहा, डाक आवृत्तीसाठी आधी पाठवा, शहर आवृत्तीसाठी रात्री बदलून द्या. जेवणाला वेळ ठरलेली नाही. मिळालं तर कस्तुरचंद पार्काजवळ तर्री पोहे, नाहीतर चहा.

तेरा वर्षं असंच चाललं. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता, हे बायकोनं लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोत दाखवलं. रात्री बोटं बधिर व्हायची. तरी मी कुणाला सांगितलं नाही. आमच्यात पाठदुखी ही सांगण्याची गोष्ट समजतच नाहीत.

डोळे उघडले ते मारबतीच्या दिवशी. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. सोबत बडगे असतात, वर्षभरात लोकांना ज्याचा ज्याचा राग आला त्याचे पुतळे. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा गजर, आणि इतवारीच्या त्या गल्ल्यांमध्ये पाय ठेवायला जागा नाही. नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर येतात. वर्षाचा फोटो तो तेवढाच. त्या वर्षी मला गच्ची मिळाली नाही म्हणून गर्दीतच कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिलो. मिरवणूक रेंगाळली, दहा मिनिटं गेली, पंधरा गेली, दंडाला आग लागली आणि मी हात खाली घेतले. त्याच क्षणी दोघी समोरासमोर आल्या. परत हात वर नेईस्तोवर मध्ये माणसांची भिंत. माझ्याकडे कॅमेरा होता, जागा होती, उजेड होता. हात मात्र राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून चालायला लागलो. आता पहाटे पाचला घर सोडतो. जपानी गार्डनपासून सेमिनरी हिल्सचा चढ, तेलंगखेडीच्या हनुमान मंदिरावरून खाली फुटाळा तलाव, परत वर. आठवड्यातून तीन दिवस पळणं, दोन दिवस महालातल्या एका जुन्या आखाड्यात जोर, बैठका आणि मुद्गल, म्हणजे फिरवायची जड लाकडी गदा. रविवारी ड्यूटी नसेल तर सायकल. मशिनींचा जिम मला मानवला नाही. मुद्गल डोक्यामागून फिरवताना खांदा जसा उघडतो तसा तिथं कधी उघडला नाही. चार किलोच्या जोडीनं सुरुवात केली होती. वस्ताद म्हणाले, वजन वाढवायची घाई नको, आधी मनगट सरळ ठेव. पाच महिने तेच केलं.

फिरत्या कामाची माणसं इथं बरीच आहेत. तुम्ही कसं जमवता? रात्री दीडला झोपणाऱ्यानं पहाट कशी गाठायची, हे मला अजून नीट सुटलेलं नाही. काही दिवस चक्क झोप मोडून जातो, आणि ते चुकीचं आहे हेही कळतं.

गोरेवाडा

भाऊ, मनापासून लिहिलंत. मी सायकलवाला. आपल्या शहरात सायकलचं वेड वाढलं त्यात डॉ. अमित समर्थांचा वाटा मोठा. २०१७ साली ते अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत एकट्यानं पूर्ण करून आले आणि २०१८ मध्ये रशियातली ट्रान्स-सायबेरियन. त्यानंतर वर्धा रोडवर पहाटे दिसणारे लाल दिवे एकदम वाढले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तुम्ही बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राइड, करून पाहा. शर्यत नसते, वेळेत पोचायचं असतं. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. चारही एका हंगामात केल्या की सुपर रँडोनियर हा किताब. तुमच्या कामाशी याचं जुळतं, कारण इथंही भूक, झोप आणि कंटाळा यांच्याशीच गाठ असते. पण एक सांगतो, हँडल फार खाली ठेवू नका. दिवसभर मान पुढं काढून व्ह्यूफाइंडरमध्ये पाहता, त्यात सायकलवरही तीच मान. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, थोडा वर घ्या.

लालदिवा

मी निवृत्त. रोलच्या जमान्यातला. लाल दिव्याच्या डार्करूममध्ये माझी तीस वर्षं गेली म्हणून हे नाव घेतलं. आमच्याकडं वजन कमी होतं, एक बॉडी, एक-दोन लेन्सा. पण रोलमध्ये ३६ फ्रेमा. मोर्चाला दोन रोल मिळायचे. स्कूटरवरून ऑफिसात यायचं, रोल धुवायचा, पंख्यासमोर वाळवायचा, घाई असली तर ओलीच निगेटिव्ह एन्लार्जरात घालायची. व्यायाम वगैरे शब्द आमच्या तोंडी नव्हता. इतवारी-महालातून पायी फिरणं हाच काय तो.

टी-पॉइंटचं नाव वाचलं म्हणून लिहितो आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला मी तिथं होतो. गोवारी बांधवांचा मोर्चा. बायाबापड्या, लेकरं, गावोगावहून आलेली माणसं. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. आज लोक शहीद गोवारी उड्डाणपुलावरून गाडी नेतात, खाली स्मारक आहे, पण ती संध्याकाळ पाहिलेले आता थोडेच राहिलो. मी बॅरिकेडला पाठ लावून उभा होतो, आणि ती चूक होती. लोट आला तेव्हा मला एका अनोळखी माणसानं दंडाला धरून बाजूच्या भिंतीवर ओढून घेतलं. मला ओढता आलं त्याला, म्हणून मी आहे. त्याच्या जागी मी असतो तर मला कुणाला वर घेता आलं असतं का? माझे हात तेवढे नव्हते. हे मी कुणापाशी बोललो नाही इतकी वर्षं.

मागून मी चपलांचे फोटो काढले. रस्ताभर चपला होत्या, फार करून बायांच्या आणि लहान लेकरांच्या. तेवढेच काढवले.

म्हणून बेटा, तू मुद्गल फिरवतो ते चांगलंच करतो. आणि गर्दीत उभा राहताना आधी निघायची वाट पाहून ठेवत जा, फोटो मग.

ऊनसावली

काकाजी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. टी-पॉइंटला मी पाय रोवतो तेव्हा डावीकडची मोकळी जागा आधी बघतो. ही सवय मला एका ज्येष्ठानं लावली, ती कुठून आली असेल ते आज कळलं.

फिजिओ_धंतोली

माझ्याकडे तीन प्रेस फोटोग्राफर येऊन गेलेत, तिघांची तक्रार एकच होती. एका खांद्यावर पट्टा असला की तो सरकू नये म्हणून आपण नकळत खांदा उचलून धरतो. दिवसभर मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू ताठ राहतो. पुढं हाताला मुंग्या येतात ते याच भागातल्या ताणामुळं असू शकतं, पण बोटं बधिर होत असतील तर नुसत्या व्यायामावर सोडू नका, तपासून घ्या.

दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा हार्नेस घ्या. पट्टाच वापरायचा असेल तर दर तासाला बाजू बदला. लांब लेन्स हातात धरताना कोपरं बरगड्यांना टेकवा आणि श्वास सोडता सोडता बटण दाबा, वजन हातांवरून धडावर जातं. घरी एक सोपा प्रकार करा. एका हातात पाण्यानं भरलेली बादली घेऊन अंगणात चाला, खांदे समपातळीत ठेवून, मग दुसऱ्या हातात. ज्या बाजूनं कंबर वाकते ती तुमची कमजोर बाजू. उकिडवं बसणं तर आपल्याकडं पूर्वी रोजचंच होतं, खुर्ची-कमोडनं ते गेलं. दिवसातून पाच मिनिटं पाटाशिवाय बसून भाजी निवडा, गुडघ्यांना आणि घोट्यांना तेवढं बरं वाटतं.

पाऊलवाट

दादा, तुमच्याबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं बोलते. मी फोटोमागं पैसे मिळणारी आहे. छापून आला तर पैसे, नाही आला तर पेट्रोलही माझंच. आजारी पडले तर त्या दिवसाचं काहीच नाही. पहाटे सेमिनरी हिल्स, रविवारी सायकल हे पगार असलेल्यांना शक्य होतं. माझी पहाट कधी रेल्वे स्टेशनवर जाते, कधी मेयो-मेडिकल या सरकारी दवाखान्यांच्या शवागाराबाहेर. आणि बाईनं अंधारात एकटीनं सेमिनरीच्या रस्त्यावर पळायचं हे बोलायला सोपं आहे.

म्हणून मी दुसरी वाट काढली. दोन असाइनमेंटच्या मध्ये मेट्रोनं जात असले तर सरकता जिना घेत नाही. सीताबर्डी इंटरचेंजचे जिने बॅगेसकट दोनदा चढते. पत्रकार परिषद उशिरा सुरू होते, नेहमीच होते, तेवढ्यात भिंतीला टेकून हवेत खुर्चीसारखं बसते, आधी तीस सेकंद जमायचं, आता दोन मिनिटं होतात. दीक्षाभूमीच्या दिवसांत वेगळा व्यायाम लागतच नाही. विजयादशमीला गाड्या लांब थांबवतात, मग लक्ष्मीनगर, रामदासपेठ, दीक्षाभूमी असं दिवसभर पायीच. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली तिथं दरवर्षी लाखो माणसं येतात, पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू. आजीबाई नांदेड-परभणीकडून येतात आणि रात्री मैदानावर उघड्यावर झोपतात. त्यांच्यासमोर माझ्या आठ किलोंचं काय सांगू? मागच्या वर्षी एका आजीनं मला भाकरी दिली आणि म्हणाली, बाई, बस थोडी, सकाळधरनं तुला उभीच पाहून राहिले.

ऊनसावली

ताई, तुमचं खरं आहे. माझ्या लिहिण्यात ते राहून गेलं. पगार आहे म्हणून पहाट आहे, हे मान्य. तुमची जिन्यांची युक्ती मी उचलतो.

अमरावतीकर

मुद्गलाचं नाव निघालं म्हणून आलो. आमच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात अजूनही मल्लखांब, लाठी, मुद्गल सगळं शिकवतात. १९१४ पासूनची संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या चमूनं तिथं कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. ऊनसावली, कधी अमरावतीला असाइनमेंट निघाली तर एक सकाळ ठेवा.

कलम_सतरा

वकील आहे. विषय थोडा बाजूचा, पण पाऊलवाट यांनी लिहिलं त्यावरून सांगावंसं वाटलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वृत्तपत्राच्या नोकरीत असताना काढलेल्या फोटोचा वृत्तपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा असतो. बाकी सगळ्या बाबतीत, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क काढणाऱ्याचाच. फोटोग्राफर नोकरीत नसेल आणि कुणी पैसे देऊन मुद्दाम फोटो काढून घेतला असेल, तर करार नसताना हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. पण तुम्ही आपणहून काढलेला फोटो तुमचाच. म्हणून कागदावर सही करण्याआधी वाचा. फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे तुमच्या नातवंडांच्या काळापर्यंत. मूळ फाइली जपा, दोन ठिकाणी ठेवा.

नवीन मुलांसाठी आणखी एक. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची किंवा मुलाची ओळख पटेल असं काहीही दाखवता येत नाही, नुसता चेहरा झाकून भागत नाही. घराचा दरवाजा, शाळेचा गणवेश, बापाचा चेहरा यावरूनही ओळख पटते.

ऊनसावली

फार मोलाचं. हे आम्हाला कुणी बसवून शिकवलं नाही.

काकाजींनी हातांचं लिहिलं, त्यावरून एक सांगायचं राहिलंय.

२३ सप्टेंबर २०२३. रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली. मी उजाडायच्या आत निघालो. शंकरनगरला गाडी लावली, पुढं पायी. कॉर्पोरेशन कॉलनीच्या बाजूला पाणी कमरेच्या वर. कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर धरला आणि मारबतीच्या वेळची आठवण आली, पण या वेळी हात टिकले, तासभर टिकले. पहिल्या मजल्याच्या जिन्यावर एक पोरगा ओरडत होता. खाली त्याचे आजोबा पलंगावर, पलंग पाण्यात, त्यांना चालता येत नव्हतं. शेजारचा एकच माणूस होता आणि त्याला एकट्यानं उचलवत नव्हतं. मी कॅमेरा त्या पोराच्या हातात दिला. आजोबांना आम्ही दोघांनी चादरीच्या झोळीत घालून जिन्यानं वर नेलं. बारा-तेरा पायऱ्या असतील. वर पोचल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेचनात.

त्याचा फोटो नाही. त्या दिवशी माझा छापून आला तो मोरभवन बसस्थानकात बुडालेल्या बसगाड्यांचा. आमच्यातले काही म्हणतात, फोटोग्राफरनं फोटो काढावा, मदत करणारे वेगळे असतात. ज्या वेळी बोटवाले पोचलेले असतात त्या वेळी हे बरोबर आहे, मी तेच करतो. त्या जिन्यापाशी तिसरं कुणी नव्हतं. आणि बैठका मारल्या नसत्या तर मीही त्या पायऱ्यांवर कामाचा ठरलो नसतो. तेव्हापासून पहाटेचा कंटाळा आला की मला ते मनगट आठवतं.

लालदिवा

वाचलं. दोनदा वाचलं. त्या संध्याकाळी मला भिंतीवर ओढणारा माणूस मला पुन्हा दिसला नाही. तुझं त्या आजोबांकडं नंतर जाणं झालं का?

ऊनसावली

दोनदा गेलो काकाजी. दुसऱ्यांदा घराचा फोटो काढून फ्रेम करून दिला. जुने सगळे फोटो त्या पाण्यात गेले होते त्यांचे.

पहिलावर्ष

नमस्कार. मी मास कॉमला पहिल्या वर्षाला आहे, प्रेस फोटोग्राफी करायची आहे. कॅमेरा कोणता घेऊ, आणि उन्हाळ्यात तुम्ही कसं काय टिकता? मागच्या मे महिन्यात एका दुपारच्या असाइनमेंटला मला गरगरलं.

ऊनसावली

सध्या आहे तो कॅमेरा आणि एक पन्नासची लेन्स पुरे. तिला झूम नसल्यानं पायांना काम पडतं, जवळ जावं लागतं, माणसांशी बोलावं लागतं. पहिली दोन वर्षं तेच शिका. चांगले बूट मात्र आधी घ्या.

उन्हाचं हलक्यात घेऊ नका. नागपुरात मे महिन्यात पंचेचाळीस अंश नेहमीचेच, २०१३ साली तर ४७.९ पर्यंत गेलं होतं. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं आणि सगळे धावले. नंतर हवामान खात्यानं ती यंत्रातली गडबड असल्याचं सांगितलं. आकडा चुकीचा होता, ऊन खरंच होतं. त्या दुपारी मीही रस्त्यावर होतो.

मी काय करतो ते सांगतो. डोक्याला आणि कानाला ओला दुपट्टा. तहान लागायची वाट पाहायची नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, दोन्हीकडं चहाचाच चमचा, असं घरून करून नेतो. माप नीट ठेवा, मीठ जास्त झालं तर उलट त्रास होतो. घरी असलो की कैरीचं पन्हं. मे महिन्यात पळणं बंद, फक्त आखाडा, तोही सहाच्या आत. आणि गरगरलं, घाम थांबला, डोकं ठणकायला लागलं की फोटो सोडून सावलीत जायचं आणि सोबतच्याला सांगायचं. लपवायचं नाही, मी लपवत होतो.

फिजिओ_धंतोली

घाम थांबून बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

पाऊलवाट

एक सुचवू का? नागपूरचे इतके लोक या धाग्यावर आहेत. महिन्यातून एक रविवार सगळे मिळून निघू. गटानं असलो तर मलाही अंधारात यायला हरकत नाही. ज्याला पळायचं तो पळेल, ज्याला चालायचं तो चालेल. कॅमेरे घरी ठेवून.

गोरेवाडा

मी तयार. सायकल घरी ठेवीन.

पहिलावर्ष

मी येऊ का?

ऊनसावली

येच. अधिवेशन संपल्यानंतरचा पहिला रविवार धरू, त्या आधी माझं काही खरं नाही. साडेपाचला जपानी गार्डनच्या फाटकापाशी. पाऊलवाट ताई, तुमच्या घराकडून कुणी येत असेल तर बघतो, नाहीतर मी गाडीनं घ्यायला येतो, बायकोही सोबत असेल.

लालदिवा

मला पळणं होणार नाही. तेलंगखेडीच्या मंदिरापर्यंत चालीन.

ऊनसावली

काकाजी, मी तुमच्यासोबतच चालतो त्या दिवशी. कानटोपी घालून या, फुटाळ्याकडून पहाटे वारा फार गार येतो.